तुम्ही यांच्या कोण?

१२ जानेवारी

टाचणी,

पाकिटावर माझं अक्षर बघून फाडून टाकू नकोस. फोन दोनदा केला. तू "हॅलो" म्हणालीस, मी "मी बोलतेय" म्हटलं की खटकन बंद. पत्राला तसं बंद करता येत नाही, म्हणून लिहितेय. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला पत्र लिहायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

काम सांगते. आईंचा एक कागद सोबत जोडलाय. त्यावर तुझी सही हवी. मार्चमध्ये मला दहा-बारा दिवस बाहेर जायचं आहे. काम आहे. तेवढे दिवस आईंना संस्थेत ठेवावं लागेल. मी जाऊन बघून आले. फरशी स्वच्छ आहे, खाटा लोखंडी आहेत, बायका बऱ्या वाटल्या. पण रक्ताच्या माणसाची सही असल्याशिवाय घेत नाहीत. तुझ्या भावाला विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला फोन लावला. म्हणाला, "टाचणीला विचार, मी कुठे या भानगडीत पडू." मी म्हटलं, तुझ्या आईला भानगड म्हणतोस? तर ऐकू येत नाही, ऐकू येत नाही म्हणाला.

मीच सही करून टाकली असती. ते जमत नाही. आठवड्यातून एकदा दवाखान्याकडून एक सिस्टर घरी येते, आईंचं रक्तदाब-वजन बघायला. पोरगी गोड आहे, पण फॉर्म म्हटला की तिला दुसरं काही सुचत नाही. तिने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मी घरातली."

"घरातली म्हणजे?"

"म्हणजे बाहेरची नाही ती."

"अहो, पण नातं काय? मुलगी?"

"नाही."

"सून?"

"होते."

"मग आता?"

मग आता काय सांगू? कागदावर घटस्फोट झालाय. शेजारीण म्हणावं तर शेजारी राहत नाही, एकाच खोलीत झोपतो. पगारी म्हणावं तर पगार द्यायला कोण बसलंय. सिस्टर म्हणाली, "तुमच्यासारख्यांना काळजीवाहक म्हणतात." मी म्हटलं, वाहक म्हणजे बसमध्ये तिकिटं फाडतो तो ना? ती हसली, पण तो रकाना रिकामाच ठेवला आणि खाली लिहिलं, रक्ताच्या नातेवाइकाची सही आवश्यक.

तर सही करून पाठव. आई बऱ्या आहेत.

एके काळची वहिनी


२३ जानेवारी

टाचणी,

कागद कोरा परत आला. मागे तू पेन्सिलीने लिहिलंस, "आईला काय झालंय आणि तू कुठे निघालीस?" अकरा वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली ओळ. सुवाच्य आहे.

आईंना काय झालंय ते सांगते. विसरतात. तीन वर्षं झाली. आधी दुधाचं पातेलं विसरायच्या, मग गल्ली, मग मला. मला "बाई" म्हणतात. संध्याकाळी सहा वाजले की विचारतात, "बाई, तुमची सुट्टी झाली ना? घरी नाही गेलात?" मी म्हणते, थोडं काम राहिलंय. त्यांना ते पटतं. कामाचं कारण त्यांना कधीही पटतं.

पण हात विसरलेले नाहीत. गेल्या वर्षी एक दिवस मी पाणी भरून आले तर खिडकीचा पडदा मांडीवर घेऊन बसलेल्या. काजं पाडत होत्या. काठाने एका ओळीत सात काजं. आणि टाचणी, बघ हं, पहिलं आडवं, बाकीची उभी! शर्टाला कॉलरपट्टीचं काज कसं आडवं पाडतात, तसंच. दोऱ्याला मेण लावलेलं. मेण मिळालं नाही तर देवघरातली मेणबत्ती घासलेली. एक टाका इकडचा तिकडे नाही.

मग सुरुवातच झाली. उशीचा अभ्रा. माझा एकुलता एक बरा कोट, त्याच्या पाठीला नऊ. त्या दिवशी मी ओरडले. खूप ओरडले, खोटं कशाला बोलू. त्या घाबरल्या आणि म्हणाल्या, "मास्तरांना सांगू नका, बाई, मी उसवून देते." काज उसवता येतं का गं? कापड तर कापलेलं असतं. त्यांच्यासारख्या बाईला एवढंही आठवू नये, ते मला जास्त लागलं. कोटाचं काही नाही.

सिस्टर म्हणाली, घरातल्या सगळ्या कात्र्या उचला. मी उचलल्या. दोन दिवस आई नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर उताणे. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन बोथट टोकाची कात्री आणली, शाळेतल्या पोरांची असते तशी, आणि जुन्या चादरींचे तुकडे करून दिले. आता रोज तेच काम. आणि पडद्याच्या त्या सात काजांना मी सात बटणं लावली. येणारेजाणारे विचारतात, पडद्याला बटणं कशाला? मी म्हणते, थंडी वाजते त्याला.

तुला तो माळा आठवतो? मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानावरचा. शिडीच्या पायऱ्या नऊ, सातवी मोडकी. वर एक झरोका, त्याच्या उजेडात आई बसायच्या, कारण काजाला डोळे लागतात. त्यांच्या शेजारी तू तुरपाई करत, तोंडात टाचण्या धरून बोलायचीस. मी पलीकडच्या टोकाला इस्त्रीच्या टेबलावर, घामाने चिंब. मास्तरांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. तू टाचणी, कारण बारीक आणि बोचरी. मी इस्त्री, कारण लगेच तापते. आईंना काही नाव ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही. मी तेव्हा तुमच्या घरची कोणीच नव्हते. कामाला आलेली पोर. तरी आई डबा उघडला की आधी माझ्याकडे सरकवायच्या. तू म्हणायचीस, "आई, मी तुझी पोटची आहे, आठवण असू दे." आणि त्या म्हणायच्या, "तू उद्याही असशील. ही पळून जायची एखाद दिवशी."

तुझ्या भावाशी लग्न लावून मला त्यांनी बांधून ठेवलं असं तू म्हणायचीस. बरोबरच होतं. मी लग्न त्यांच्याशीच केलं. तो मध्ये होता इतकंच.

बघ, काय लिहायला बसले आणि कुठे गेले. सही कर.

मी कुठे निघाले ते माझं मी बघेन.


३१ जानेवारी

टाचणी,

दुसऱ्यांदा कोरा कागद. "कुठे निघालीस ते आधी सांग." तुझा हट्ट आहे तसाच आहे, गंजला नाही.

पिशवीचं ऑपरेशन आहे. काढायची आहे. सहा महिने अंगावर काढलं. गाठ साधी आहे म्हणतात, पण आता रक्त जातं आणि जिना चढताना डोळ्यापुढे अंधारी येते. दोन मार्चची तारीख दिलीय. हे तुला सांगायचं नव्हतं, कारण तू कीव करशील. तुझी कीव मला नको. कोणाचीच नको. खालच्या मजल्यावरची गवंड्याची बायको रोज जिन्यात भेटते आणि म्हणते, "देवमाणूस आहात हो तुम्ही." एकदा देवमाणूस म्हटलं की तिची सुटका. मग अर्धा तास आईंजवळ बसायला नको. मी तिला परवा म्हटलं, देवमाणसाला बाजारात जाऊन यायचंय, बसता का? बसली बिचारी. तिची चूक नाही, कोणी विचारतच नाही तर.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. मी विचारलं, किती वजन? म्हणाले, भरलेली बादलीसुद्धा नाही. आई अडतीस किलो आहेत.

तेव्हा दहा-बारा दिवस हे मी खोटं लिहिलं. तीन महिने. आणि सिस्टर म्हणते, तीन महिने संस्थेत राहिलेलं माणूस सहसा परत घरी येत नाही. म्हणून त्या सहीचं मला इतकं अवघड जातंय. मागतेही मीच आणि येऊ नये असंही वाटतं.


९ फेब्रुवारी

टाचणी,

तुझं पत्र आलं. दोन पानं. तू लिहितेस, "आईने मला कधीच निवडलं नाही. तुलाच धरून राहिली. आता अडचण आली तेव्हा मी रक्ताची झाले का?"

हे वाचून मी शेगडी बंद केली आणि खाली बसले. आता जे लिहितेय ते अकरा वर्षं लिहायचं राहिलंय. उभ्याने वाचत असशील तर बस.

तू गेलीस तो दिवस आठव. तुझा भाऊ बटणांच्या दुकानातल्या त्या बाईबरोबर निघून गेल्याला आठवडा झाला होता. मला कळलं की तुला ते दोन महिने आधीपासून ठाऊक होतं. मी तुझी बॅग जिन्यावरून खाली फेकली. साबणाची डबी फुटली, जिनाभर साबणाचा वास. तू खालून ओरडलीस, "तू आता आमची कोण? आईला मी घेऊन जाणार आहे, बघच." मी म्हटलं, आई कुठे जात नाहीत. आई दारात उभ्या होत्या, हातात दोरा. त्यांना दोघींनीही विचारलं नाही.

महिन्याभराने तुझं पहिलं पत्र आलं, आईंच्या नावाने. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचायला बसले. तू लिहिलं होतंस, "खोली घेतली आहे. खिडकीला सकाळी ऊन येतं. तुझ्या कामाला चांगला उजेड आहे. आई, तू ये." मी वाचलं, "खोली घेतली आहे. खिडकीला सकाळी ऊन येतं." आणि घडी घातली.

आईंनी विचारलं, "ये म्हणाली नाही?"

मी म्हटलं, "नाही."

त्या बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "जागा लहान असेल."

चार वर्षं, टाचणी. दर पत्रात तू बोलावलंस आणि दर पत्रात ती ओळ मी गाळली. उत्तरंही मीच लिहायची. "मला प्रवास झेपत नाही." "माझं इथे बरं चाललंय." "हिला एकटीला टाकून कशी येऊ." हे त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्या सांगायच्या ते वेगळंच असायचं. एकदा म्हणाल्या, "लिही, मला जमिनीवर झोपलं तरी चालतं." ते मी लिहिलं नाही. पाचव्या वर्षी तू बोलवायचं थांबवलंस. तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं, हे पण लिहिते.

का केलं? कारण तो गेल्यावर मी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. आई दुकानातून दहा-दहा शर्ट घरी घेऊन यायच्या, माझ्या पायाशी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ, इस्त्री तापव, मास्तरांना सहा वाजता हवेत." सहा वाजता नको असायचे, ते मला नंतर मास्तरांकडून कळलं. मला उठवायला त्या खोटं बोलायच्या. त्या गेल्या असत्या तर मी त्या भिंतीकडेच राहिले असते. म्हणून ठेवून घेतल्या.

तेव्हा सिस्टरने विचारलं, तुम्ही यांच्या कोण, तर मी गप्प राहिले ते काही सून होते की नव्हते म्हणून नाही. दुसऱ्याची आई ठेवून घेणारीला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तो शब्द फॉर्ममध्ये नाही. आणि लोक मला देवमाणूस म्हणतात.

तुझी सगळी पत्रं आहेत. जपून ठेवलीत, एकही टाकलं नाही. आता तुला काय करायचं ते कर. सही कर, नाहीतर नको करूस. आईने तुला निवडलं नाही, हे मात्र डोक्यातून काढ. तिला निवडायला कोणी दिलंच नाही.


२० फेब्रुवारी

टाचणी,

तुझं काही आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी जिन्यात जाऊन उभी राहते. तो म्हणतो, "बाई, असतं तर दिलं असतं की."

एक सांगायचं आहे. परवा दुपारी आईंची वेणी घातली आणि तुझी सगळी पत्रं घेऊन त्यांच्यासमोर बसले. पहिल्यापासून. या वेळी काही गाळलं नाही. "आई, तू ये." "आई, कधी येतेस?" "आई, तिकीट पाठवते." "आई, तुला माझ्याकडे यायचं नाही का?" चौदा पत्रं. माझा घसा बसला.

त्या नीट ऐकत होत्या. हातातलं काम थांबवलं होतं. मी संपवलं तेव्हा म्हणाल्या, "कोण गं ही? किती बोलावतेय."

मी म्हटलं, "तुमची मुलगी."

"असं?" म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊन ये की तू, बाई. इतकी बोलावतेय बिचारी. इथलं मी बघते."

मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. काय समजायचं ते समज.

आज सिस्टर आली होती. म्हणाली, "मी सून असं लिहून टाकू का? कोण तपासायला येतंय? तुमच्या एका सहीवर काम होईल." सहा आठवड्यांपूर्वी म्हणाली असती तर मी तिच्या पाया पडले असते. आज नको म्हटलं. ती म्हणाली, "अहो, एवढं करता तुम्ही त्यांचं!" मी म्हटलं, "करते. पण त्यांच्या वतीने बोलायचं आता मी बंद केलंय. त्यांची मुलगी आहे, ती ठरवेल." पोरगी गोंधळली. रकाना अजून रिकामा आहे.

पत्र बंद करता करता तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "सही करणार नाही. दोन तारखेला दुपारी येते."

तू भांडायला येतेस, न्यायला येतेस, की राहायला येतेस, यातलं काहीच लिहिलं नाहीस. तेही तुझ्या स्वभावाला धरूनच आहे.


२ मार्च, सकाळ

टाचणी,

मला साडेसातला दवाखान्यात हजर व्हायचं आहे. तू पोचशील तेव्हा मी आत असेन. तोवर गवंड्याची बायको आईंजवळ बसलीय. ती तुला देवमाणूस म्हणेल. लगेच काहीतरी काम सांग, थांबेल.

आईंचं सांगते. सकाळचं औषध दिलंय. दुपारी जेवण मऊ करून, छोटा चमचा, घास उजवीकडून. पाणी मागत नाहीत, द्यावं लागतं. चादर दिवसातून दोनदा बदलावी लागते, धुतलेल्या सहा कपाटात खाली आहेत. लघवीचं झालं तर त्यांना लाज वाटते, म्हणून "चहा सांडला" म्हणायचं आणि पुसायचं.

उठवायचं असलं तर ओढू नकोस, खांदा निखळतो. समोर उभी राहा, दोन्ही हात त्यांच्या काखेतून पाठीमागे ने आणि म्हण, "मास्तर वर येतायत." त्या आपल्या आपण उभ्या राहतात. आपण सगळ्या कशा उठायचो ना, शिडी वाजली की! अडतीस किलोंतले वीस तरी मास्तर उचलतात.

कपडे भरून आईंची पिशवी दाराजवळ ठेवलीय. औषधांच्या चिठ्ठ्या वरच्या कप्प्यात, कात्री आणि चादरीचे तुकडे खाली. तू न्यायला आली असशील तर ने. मी आडवी येणार नाही. तीन महिने तर नुसती आडवीच पडणार आहे. राहणार असशील तर माझी खाट भिंतीकडची, तुझी जुनी जागा. नेलंस तर आई नीट पोचल्याचं एक कार्ड टाक, मी मागून यायला नको असं म्हणणार असलीस तरी.

मला तुझ्याकडून माफी नको आहे. वेळही नाही, रिक्षा खाली उभी आहे आणि तो भोंगा वाजवतोय.

एक गोष्ट मात्र कर. नेणार असलीस, नसलीस तरी. त्यांच्या शेजारी बस, डाव्या बाजूला, उजव्या कानाने ऐकू येत नाही. आणि तुझ्या पत्रांतलं ते तुझ्या तोंडाने म्हण. मी वाचून दाखवलं ते त्यांना पोचलं नाही, माझ्या आवाजात ते कसं पोचणार. ओळखलं नाही तरी म्हण. जोरात म्हण. आई, तू ये.